ज्याचा चारा, त्याची जागा

रविवारी सकाळी साडेसहा ते अकरा. आठवड्यातले एवढे साडेचार तास माझे आहेत. बाकीचे कुणाकुणाचे आहेत ते सांगत बसले तर रविवार संपेल.

सहा दिवस मी खराडीला एका कंपनीच्या कँटीनमध्ये काउंटरवर उभी असते. उभी म्हणजे उभीच, खुर्ची ठेवायची पद्धत नाही. "मॅम, पोह्यांत शेंगदाणे आहेत का?" असं गळ्यात पट्टा अडकवलेली पोरं विचारतात. पोह्यांत शेंगदाणे नसतील तर काय खिळे असतील? पण हसून सांगायचं असतं. घरी आलं की परत उभी, फक्त ओटा बदलतो. म्हणून रविवारी मी आमच्या थोरल्या तळ्यावर जाते, गळ टाकते आणि बसते. यातलं बसणं महत्त्वाचं. मासा नंतर.

आमचं गाव मांजरीच्या अलीकडे. गाव म्हणायचं आपलं. ज्वारी होती तिथे बावीस मजले झाले, ऊस होता तिथे बावीस मजल्यांचं पार्किंग झालं. तळं तेवढं वाचलं, कारण पाण्यावर स्लॅब टाकायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. मग त्याचं सुशोभीकरण केलं. म्हशी बसायच्या तिथे टाइल्स बसवल्या आणि हंसाच्या आकाराच्या, पायाने चालवायच्या बोटी आणल्या. शिवाय एक फलक लावला:

'गळ फक्त रविवारी. जाळे टाकणाऱ्याची गय केली जाणार नाही. मासे तुमचे नाहीत.'

त्याखाली कुणीतरी खडूने लिहिलं होतं, 'मग कुणाचे?' ते पुसलं की पुढच्या आठवड्यात परत लिहिलेलं असायचं.

रविवारी तळ्यावर अशी गर्दी की पाण्यालाही जागा पुरू नये. चालणारे, पळणारे, पळतोय असं दाखवणारे. लग्नाआधी फोटो काढायला आलेली जोडपी. भज्यांची गाडी. हिंदुराव माजी सरपंच आणि त्यांचं हास्य मंडळ. ही वीस-बावीस माणसं हात वर करून मोठमोठ्याने हसतात. कशाला हसतात हे मी एकदा विचारलं तर सगळे गंभीर झाले. आणि या सगळ्यांकडे पाठ करून बांधावर बसलेले आम्ही गळवाले. नऊ पुरुष आणि मी.

मला या नादाला लावलं मकसूदचाचांनी. चाचा भवानी पेठेतून स्कूटरवर येतात, पाठीला काठ्या बांधून. उभं आयुष्य रिक्षांच्या सीटा शिवल्या, आता बोटं वाकली, पण गळाला तंगूस, म्हणजे तो नायलॉनचा दोरा, बांधायला लागली की सरळ होतात. दोन वर्षांपूर्वी मी बांधावर नुसतीच पाण्याकडे बघत बसायचे. तीन रविवार त्यांनी बघितलं. चौथ्या रविवारी एक जुनी काठी आणून हातात दिली.

"शालूताई, नुसतं पाण्याकडं बघत बसलात तर लोक येऊन विचारतात, काय झालं? काठी धरा. काठी धरली की कुणी काही विचारत नाही."

पुरुषाला विचारत नाहीत, हे चाचांच्या लक्षात आलं नाही. मला काठीसकट विचारायचे.

गळवाल्यांचा एकच कायदा. ज्याचा चारा, त्याची जागा. म्हणजे असं की तुम्ही एखाद्या ठिकाणी रोज थोडा चारा टाकत राहता, माशांना सवय लागते, ते तिथे यायला लागतात. मग ती जागा तुमची. तुम्हाला विचारल्याशिवाय दुसऱ्याने तिथे गळ टाकायचा नाही. कागद नाही, सही नाही, तलाठी नाही. गावातल्या अर्ध्या जमिनींचे दावे कोर्टात पडलेत, पण चाचांच्या दगडापाशी दुसऱ्या कुणाचा गळ पडलेला मी कधी पाहिला नाही.

माझी पंचाईत अशी की आठवडाभर चारा टाकायला मी मोकळी कुठे आहे? म्हणून मला जागाच नाही. उरलेल्या कोपऱ्यात बसायचं, बोटाएवढी चिलापी लागली की परत सोडायची. माझी काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती आत्यांची.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, बायडाबाई. जुलैतल्या एका रविवारी मी रिकामी पिशवी घेऊन आले तर त्या उंबऱ्यातच बसल्या होत्या.

"काय आणलं?"

"काही नाही."

"काय न्हाय आणायला साडेचार तास लागत्यात व्हय?"

मी आत जाऊन कुकर लावला. कुकरच्या वर त्यांचा आवाज.

"अख्खं गाव बघतंय. हिंदुराव म्हनले, बायडाबाई, तुमची सून तळ्याव पाय सोडून बसल्याली असती, घरात काय भांडान हाय का? आता काय सांगू मी? बाईमाणसानं रिकामं बसायचं म्हंजी काय? मी सत्तर वर्सांची हाय, मी बसले का कवा?"

"आता बसलाच आहात की."

"म्या निवडीत बसले!" असं म्हणून त्यांनी मेथीची जुडी वर करून दाखवली.

आमचे हे, संपतराव, जेवत होते. यांचे पाण्याचे टँकर आहेत. सगळ्या सोसायट्यांची तहान भागवतात. घरात भांडण लागलं की ताटातल्या आमटीत तोंड घालून बसतात.

आत्या म्हणाल्या, "येत्या गटारीला रविवार हाय. तळ्यातला मासा घरात आण. खायजोगता. त्यो मिशा न फुटल्याला न्हाय. न्हाय आणला, तर ती काठी माळ्याव आन् रविवारी तू घरात."

"आणि आणला तर?"

"आणला तर मी परत ह्या गोष्टीव तोंड उघडनार न्हाय."

संपतरावांनी ताटातून मान वर केली. असलं काही त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"आन् बाजारातला आणशील तर मला कळतंय," आत्या म्हणाल्या. "बर्फातल्या माशाचा डोळा बघून सांगते मी, कवा मेला त्यो."

दोन आठवडे हातात होते. म्हणजे दोन रविवार, आणि त्यातला दुसरा गटारीचाच. माझ्या साडेचार तासांचा निकाल एका माशावर आला.

आता शनिवारचं सांगते. दीड वर्षापूर्वी कुणा ज्योतिषाने आत्यांना सांगितलं की संपतरावांच्या टँकरना शनीची पीडा आहे. टँकरना पीडा रस्त्यांची आहे, पण ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. उपाय असा: दर शनिवारी कणकेत हळद घालून एकशे आठ गोळ्या करायच्या, तळ्यातल्या माशांना घालायच्या. तेव्हापासून दर शनिवारी पहाटे पाचला उठून कणीक मी मळते, गोळ्या मी वळते, मोजते मी. आत्या आंघोळ करून येतात, स्टीलचा डबा उचलतात आणि जाऊन टाकून येतात. हात माझे दुखायचे आणि पुण्य त्यांचं. टँकर तेवढेच पंक्चर व्हायचे.

पैजेनंतरच्या शनिवारी कंपनीला सुट्टी होती आणि आत्यांचा गुडघा सुजलेला. मी त्यांना गाडीवर बसवून तळ्यावर नेलं. दीड वर्षात पहिल्यांदा.

तळ्याच्या पलीकडच्या अंगाला भैरोबाचं छोटं देऊळ आहे आणि त्याला लागून जुन्या दगडी पायऱ्या. सुशोभीकरणवाल्यांनी देवाला भिऊन तेवढ्या सोडल्या. आत्या खालच्या पायरीवर टेकल्या आणि डबा दगडावर आपटला. टण, टण, टण. तीनदा.

मला वाटलं झाकण घट्ट बसलंय, म्हणून हात पुढे केला. तेवढ्यात पाणी हललं.

आधी लहान लहान आले. मग त्यांच्या खालून मोठ्या पाठी. काळपट, करड्या, एकमेकांवर चढणाऱ्या. आत्या गोळी टाकायच्या आणि पाण्याला तोंड फुटायचं. दोन वर्षं मी समोरच्या बांधावर बसून बोटाएवढ्या चिलाप्या मोजत होते, आणि तळ्यातली सगळी मोठी मंडळी इथे माझ्या हातच्या गोळ्या खात होती. मी वळलेल्या!

"हे दर शनिवारी येतात?" मी विचारलं.

"न्हाय तर काय? पयल्यांदा झाकान निघंना म्हणून डबा आपटला. तवापास्नं आवाज झाला की येत्यात. गुणाची हायती. बोलावलं की येत्यात. तुझ्यासारखी न्हायती."

सगळ्यात शेवटी एक कटला आला. कटल्याचं डोकंच केवढं असतं, खालचा ओठ पुढे काढलेला, कुणीतरी अपमान केल्यासारखा. याच्या पाठीवरचा पर मधोमध फाटलेला. तो सावकाश आला, बाकीचे बाजूला झाले, आणि त्याने एका घासात चार गोळ्या उचलल्या.

"त्यो सरपंच," आत्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या मागनं येतो आन् सगळ्यांच्या आधी खातो."

निघताना मी वळून वळून पाण्याकडे बघत होते. आत्यांना वाटलं सुनेच्या मनात भक्ती उपजली.

दुसऱ्या दिवशी, गटारीच्या आदल्या रविवारी, मी चाचांच्या दगडाजवळ जाऊन बसले.

"चाचा, कायद्याचं विचारायचंय. चाऱ्यावर जागा ठरते ना? मग चारा एकाने केला आणि टाकला दुसऱ्याने, तर जागा कुणाची?"

चाचांनी पाण्यावरच्या, मोरपिसाच्या दांड्याच्या तरंग्यावरची नजर काढली नाही. "केला कुणी?"

"मी. कणीक मी मळते, गोळ्या मी वळते."

"टाकते कोण?"

"सासूबाई."

आता नजर निघाली. चाचांनी काठी खाली ठेवली. चाळीस वर्षं गळ टाकतायत, पण असला खटला त्यांच्यापुढे आला नव्हता.

"जागा टाकणाऱ्याची," ते शेवटी म्हणाले. "मासा हात बघतो, स्वयंपाकघर नाही बघत. सासूबाईंना विचारून बसा."

"विचारलं तर नाही म्हणतील. पुण्याचे मासे आहेत."

"मग विचारू नका. पण मकसूदला विचारलं होतं हेही कुणाला सांगू नका." मग त्यांनी पिशवीतून एक जाड तंगूसचं रीळ काढलं आणि एक डबी. त्यांचा खास मसाला. पेंड, भाजलेली मेथी, सडकं केळं आणि अत्तराच्या बाटलीतलं काहीतरी, जे त्यांनी स्वतःच्या मुलालाही सांगितलेलं नाही. "हे लावा. याच्यापुढे कणीक काय चीज आहे?"

गटारीचा रविवार उजाडला. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे महिनाभर घरात मासा-मटण बंद. त्या दिवशी दीपअमावस्याही असते, संध्याकाळी कणकेचे दिवे करायचे असतात. आमच्याकडे दुपारी रस्सा आणि संध्याकाळी दिवे, देवाने कधी हरकत घेतलेली नाही. पहाटे मी दिव्यांची कणीक मळायला घेतली आणि चार मुठी पीठ जास्त घातलं. तेवढ्या गोळ्याला हळद लावून तो वेगळा काढला. खुंटीवर आत्यांचा डबा होता. तोही काढला. आत्या झोपल्या होत्या. चोरी म्हणा हवं तर. आपल्याच घरातून आपणच मळलेली कणीक नेण्याला चोरी म्हणत असतील तर ती मी केली.

सातला मी पायरीवर. बाजूच्या चौथऱ्यावर हास्य मंडळ हा-हा करत होतं. मी गळ टाकल्याबरोबर हसू थांबलं. हिंदुराव पांढरे बूट वाजवत आले.

"शालूबाई, इथं गळ? हा घाट देवाचा हाय."

"फलकावर घाट लिहिलेला नाही. रविवार लिहिलाय. आज रविवार आहे."

"अहो, हे पुण्याचे मासे. लोक श्रद्धेनं खायला घालतात."

"फलकावर लिहिलंय, मासे तुमचे नाहीत. सरपंच असताना फलक तुम्हीच लावलाय."

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही," हिंदुराव म्हणाले आणि फोन काढून दहा पावलं लांब गेले. कुणाला लावला ते मला कळलं. त्यांच्या फोनमधून पलीकडचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. आत्यांना फोनची गरज अशी कधी पडत नाही.

चाचांचा मसाला लावून एक तास गेला. मग दुसरा. तरंगा हलेना. मासे खाली असणार, पण त्या अत्तराकडे ढुंकून बघेनात. एक हंसबोट माझ्या तंगूसवरून गेली. आत बसलेली मुलगी "ए, फिश! फिश!" करून ओरडली, ती प्लास्टिकची पिशवी होती. मग फोटोवाला आला.

"मॅम, जरा फ्रेमच्या बाहेर होता का? टेम्पलचा अँगल घ्यायचाय."

"फ्रेम तुमची आहे ना? ती उचला. पायरी मला उचलता येणार नाही."

साडेनऊ झाले. समोरच्या बांधावरून चाचा हातवारे करत होते. मसाला बदल, असं काहीतरी. मी कणकेची पिवळी गोळी वळली, गळाला लावली, टाकली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही नाही.

काय राहिलं होतं ते मला सकाळपासून माहीत होतं. डबा शेजारीच होता. पण तो वाजवायचा म्हणजे आत्यांच्या नावाने हाक मारायची. ते मासे विश्वासाने येणार, शनिवारची बाई आली म्हणून. गळ टाकणं वेगळं आणि ही हाक वेगळी. मला लाज वाटली. खोटं कशाला सांगू, चांगली वाटली.

मग मला सोमवार दिसला. काउंटर दिसला. आणि पुढचा रविवार दिसला, ओट्यापुढचा. त्याच्या पुढचाही तसाच. मी डबा उचलला आणि दगडावर आपटला.

टण. टण. टण.

पाणी हललं. मी मूठभर गोळ्या टाकल्या आणि त्यांच्या मधोमध गळाची गोळी सोडली. लहान आले, मोठ्या पाठी आल्या. आणि सगळ्यांच्या मागून तो फाटका पर. बाकीचे बाजूला झाले. सरपंचाने ओठ पुढे काढला आणि गोळी घेतली.

मी काठी उचलली आणि काठीने मलाच उचललं. रीळ असं फिरायला लागलं की बोटाची साल निघाली. तो सरळ तळ्याच्या मध्याकडे निघाला, हंसांच्या बाजूला.

"हंस बाजूला घ्या!" मी ओरडले. "अहो, हंस घ्या बाजूला!"

हंसातले लोक घाबरून उलटेसुलटे पाय मारायला लागले, त्यामुळे हंस जागच्या जागी गोल फिरायला लागला. चालणारे थांबले. पळणारे थांबले. भजीवाला झारा हातात घेऊन आला. नवरी साडी सावरत पायरीवर आली आणि फोटोवाल्याने तिला सोडून माझेच फोटो काढायला सुरुवात केली. चाचा काठावरून पळत निघाले, हातात लांब दांड्याची जाळी. अडुसष्टाव्या वर्षी माणूस इतका पळतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. संपतराव सकाळची फेरी उरकून आत्ताच घरी आले असणार; दारात जी गाडी उभी होती तीच घेऊन ते आले होते, दहा हजार लिटर पाण्यासकट. दार उघडलं आणि आत्या उतरल्या. गुडघा सुजलेला, पण उतरल्या अशा की गर्दीने आपोआप वाट दिली.

"बघा, बायडाबाई," हिंदुराव म्हणाले. "मी सांगितलं ते खरं का खोटं?"

आत्या पायऱ्या उतरत माझ्याजवळ आल्या. काठी माझ्या पोटात रुतलेली. त्यांनी आधी डबा बघितला.

"डबा माझा."

"हो."

"गोळ्या?"

"मी वळलेल्या."

"वाजिवला?"

"तीनदा."

मग तंगूसकडे बघितलं. मला वाटलं, आता तंगूस दाताने तोडतील. दात नाहीत, तरी तोडतील. समोर पाण्यात मोठी पाठ वर आली, फाटका पर दिसला आणि परत खाली गेला.

"अगं बाई, सरपंच हाय त्यो!" आत्या ओरडल्या.

"काय म्हणता?" हिंदुराव पुढे झाले.

"तुमाला न्हाय."

हिंदुरावांनी शर्ट नीट केला. "बायडाबाई, सोडून द्यायला सांगा तिला. शनीसाठी घातलेलं अन्न खाल्लेला मासा हाय. दीड वर्षाचं पुण्य पाण्यात जाईल तुमचं."

"पान्यातच टाकत हुते की," आत्या म्हणाल्या.

"तसं नव्हं. आणि आपल्या घरातली बाई अशी चारचौघांत... तुम्ही आवर घालायला पायजे. लोक काय म्हणतील?"

मला त्या वेळी मासा सोडून हिंदुरावांना गळ लावायचा होता. पण आत्याच वळल्या. आजवर हिंदुराव घरी येऊन हेच बोलायचे आणि आत्या ते मला ऐकवायच्या. चारचौघांत, त्यांच्या पायरीवर, त्यांच्या डब्यासमोर हे त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं.

"कोन लोक?" त्या म्हणाल्या. "हे? हे तर टाळ्या वाजिवत्यात. दीड वर्सं ह्या पायरीव गुडघं घासत आले मी, तवा तुमी हितंच हात वर करून हसत हुता. एक दिस डबा धरला का माझा? हिनं दर शनवारी पाचला उठून गोळ्या वळल्या. मासा आमच्या घरानं पोसलाय. सोडायचा का शिजवायचा, ते आमी बघू." आणि माझ्याकडे वळून, "आगं, वढतीस काय अशी? रेडकू हाय का ते? ढील दे! ढील दे म्हनते ना!"

मी ढील दिली.

"आता घे. हळू. तोंड वर ठेव त्याचं. संपत, समईसारखा उभा राहू नको, तिच्या कमरंला धर, जाईल पान्यात!"

संपतरावांनी चारचौघांत माझी कंबर धरली. लग्नाला चौदा वर्षं झाली, हे पहिल्यांदाच. फोटोवाल्याने तोही फोटो काढला.

वीस मिनिटं लागली. शेवटी सरपंच आडवा झाला, चाचा गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी जाळी खालून घातली. भजीवाल्याच्या काट्यावर वजन केलं. पाच किलो शंभर ग्रॅम. हास्य मंडळातले दोघेजण खरोखरचे हसले.

चाचा धापा टाकत पायरीवर बसले. आत्यांनी त्यांना नीट न्याहाळलं.

"हिला नादाला लावनारे तुमीच काय?"

"जी. मीच तो."

"मग सांगा, तुमच्यात नियम काय? मासा कुनाचा?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघितलं. "आमचा कायदा असा," चाचा म्हणाले, "ज्याचा चारा, त्याची जागा. जागा तुमची. काठी सुनेची."

आत्यांनी मान हलवली. एवढा सोपा कायदा त्यांना कुणी आधी सांगितला नव्हता.

"मग डोस्कं माझं," त्या म्हणाल्या.

"कायद्याने निम्मा मासा तुमचा," चाचा म्हणाले.

"निम्म्याचं काय करू? कटल्यात खायचं ते डोस्कंच असतंय." मग चाचांच्या ओल्या पायांकडे बघून, "शेपूट तुमी न्या. पान्यात उतरलाय."

"आणि शनी?" हिंदुरावांनी शेवटचा प्रयत्न केला.

"शनीला मी सांगीन. त्यो शनवारचा हाय. आज रविवार हाय."

घरी मी रस्सा केला. आत्यांनी डोक्याचा वाडगा पुढ्यात ओढला आणि एक तास लावून खाल्लं. गाल, डोळे, ओठ, सगळं. एक शब्द बोलल्या नाहीत. संपतराव घास हातात धरून वाट बघत बसले की आता बोलतील, मग बोलतील. शेवटी हाडं ताटाच्या कडेला लावून आत्या म्हणाल्या, "मीठ बरूबर हाय," आणि हात धुवायला गेल्या. पैज रविवारावर होती, मिठावर नव्हती, म्हणून मी ते धरलं नाही. संध्याकाळी त्यांनीच कणकेचे दिवे लावले. एक दिवा उचलून मागच्या दारात ठेवला, तळ्याच्या दिशेला तोंड करून.

श्रावणातला पहिला शनिवार. पाचला उठून स्वयंपाकघरात गेले तर दिवा लागलेला. आत्या परात पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत पिवळे.

"आत्या, मी करते ना."

"बस खाली. चौपन्न तू, चौपन्न मी."

मी बसले. आमच्या दोघींच्या मध्ये परात.

"श्रावण आहे," मी म्हणाले. "मासा खायचा नाहीये."

"मला नगं शिकवू. खायचा न्हाय, पन उद्या जाऊन बसायचं तू. गळ नगं लावू, काठी तेवढी धरून बस. जागा मोकळी दिसली तर हिंदुराव सतरंजी टाकंल तितं."

"साडेसहाला जाऊ?"

"सहाला जा."

त्यांनी एक गोळी वळली, दिव्यापाशी धरून बघितली, मोडली आणि परत वळली. पहिलीपेक्षा थोडी मोठी.

"एवढी चालंल का गं?" आत्या म्हणाल्या. "सरपंचाची जागा रिकामी झालीया. कोन तरी नवा येनार."